भोंग्याच्या वेळी

एकाहत्तरच्या लढाईत आमच्या चाळीतली एकच काच फुटली आणि ती फोडली माझ्या धाकट्या भावानं. पाकिस्तानी विमानं पिंपरीपर्यंत काही आली नाहीत. आली असती तर त्यांनाही त्यानं सोडलं नसतं, इतका तो त्या दिवसांत चवताळलेला होता.

मी तेव्हा चिंचवडच्या एका शाळेत शिकवत होते. आई-वडील गेल्यावर घरात आम्ही दोघंच. मी लग्न केलं नव्हतं आणि त्याला त्यासाठी सवड नव्हती. एका कारखान्याच्या स्टोअरमधली बरी नोकरी त्यानं सोडली होती आणि एका समितीचं काम धरलं होतं. समिती म्हणजे पुण्यातले दोन वकील, एक निवृत्त प्राध्यापक आणि हा. पोलिसांनी कुणाला उचललं, मालकाच्या गुंडांनी कुणाला बडवलं, की हा सायकल काढायचा, चौकीवर जायचा आणि विचारायचा, "कोणत्या कलमाखाली?" शिव्या खाल्ल्या तरी तेच, धक्के खाल्ले तरी तेच. मी म्हणायचे, अरे, तुला दुसरं वाक्य येत नाही का? तो हसून म्हणायचा, "ताई, ह्या एका वाक्याचंच उत्तर अजून कुणी दिलं नाही. दुसरं कशाला काढू?"

लढाई सुरू झाली तेव्हा आमच्याजवळच्या एका कारखान्यात संप चालू होता. नट-बोल्ट करणारा कारखाना. काही कामगारांना काढलं म्हणून बाकीचे गेटसमोर मांडव टाकून बसले होते. रेडिओवर लढाईची बातमी आली आणि एका दिवसात त्या बिचाऱ्या संपकऱ्यांचे देशद्रोही झाले. काल त्यांना चहा पाजणारा हॉटेलवालाही म्हणायला लागला, तिकडे जवान मरतायत आणि इकडे ह्यांना पगारवाढ पाहिजे. पगारवाढ कुणी मागितलीच नव्हती, पण लढाईत असलं कोण ऐकून घेतं? मांडव पोलिसांनी मोडला आणि मोडायला गावातली देशभक्त मंडळीही धावून गेली. मी शाळेतून परत येत होते. बांबूंनी माणसं बडवत होते. एक माणूस गटारीत पडला होता आणि त्याच्या पाठीवर उभं राहून एकजण "भारत माता की जय" म्हणत होता. तो आमच्या शाळेतल्या एका मुलाचा बाप होता. पालकसभेला येऊन मुलगा फार मवाळ आहे म्हणून तक्रार करायचा.

त्या दिवशी दोन कामगारांना चौकीवर नेलं. माझा भाऊ विचारायला गेला, कोणत्या कलमाखाली. या खेपेला त्यांनी त्याला उत्तर दिलं. त्यालाही आत टाकलं.

पुण्याच्या वकिलांनी धावपळ केली तेव्हा काही दिवसांनी तो जामिनावर सुटला. मी त्याला आणायला गेले तेव्हा तो दाराच्या चौकटीला धरून उभा होता. तळपाय सुजून चपलेत मावत नव्हते. ओठ फाटलेला, डाव्या हाताची नखं काळीनिळी. मी रडले नाही, मला संताप आला. तिथल्या जमादाराला मी म्हटलं, "तुमच्या आईला दाखवा हे." त्यानं जांभई दिली.

चौकी होती त्या नट-बोल्टच्या कारखान्याच्या गेटसमोरच, दुसऱ्या एका मोठ्या कारखान्याच्या भिंतीला लागून. तिथला भोंगा पाळी बदलताना वाजायचा आणि लढाईत तोच हवाई हल्ल्याच्या इशाऱ्यालाही वापरायला लागले होते. भोंगा सुरू झाला की चौकीत मारायला सुरुवात व्हायची. त्या आवाजात ओरडलेलं रस्त्यावर ऐकू जात नसे. भोंगा थांबला की थांबायचे, बिड्या ओढायचे. पुढच्या भोंग्याची वाट बघत बसायचं, एवढंच आतल्यांना काम. हे सगळं मला त्यानं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं, तेही पुष्कळ नंतर.

एकदा मात्र ते भोंग्यासाठी थांबले नाहीत. पकडलेल्या दोघांतला एक चाकणजवळच्या निघोजे गावचा तरुण होता, लेथवर काम करणारा, रोज सायकलवरून कामाला येणारा. त्याला माझ्या भावाच्या डोळ्यांसमोर मारलं. मरेपर्यंत मारलं. मग सांगितलं, ब्लॅकआऊटमध्ये पळून जाताना खंदकात पडला. खंदक तेव्हा जागोजाग खणलेले होते, आमच्या शाळेच्या मैदानातसुद्धा, त्यामुळे लोकांना ते पटलंही. दुसरा कामगार सुटल्यावर गाव सोडून परागंदा झाला. म्हणजे बघणारा उरला एकटा माझा भाऊ.

पुण्याच्या वकिलांनी त्या मरणाची मॅजिस्ट्रेटसमोर चौकशी मागितली. ती मिळाली, पण लढाई संपल्यावर होणार होती. तोवर ह्यानं शहाणं राहायचं होतं. वेडा ठरला की साक्ष गेली आणि तो पोरगा कायमचा खंदकात पडून मेला.

आणि माझा भाऊ शहाणा राहत नव्हता.

घरी आल्याच्या दुसऱ्याच दिवशी सकाळचा भोंगा झाला आणि त्यानं पेटीवर चढून खिडकीची काच हातानं फोडली. मी आडवी गेले तर मला भिंतीवर आपटलं. माझं करंगळीशेजारचं बोट मोडलं, ते अजून वाकडं आहे. भोंगा थांबल्यावर तो मटकन खाली बसला आणि माझा हात बघून म्हणाला, "कुणी मारलं तुला?" त्याला खरंच आठवत नव्हतं. दुपारच्या भोंग्याला पुन्हा तेच. संध्याकाळी दिव्यांना काळे कागद लावलेत का बघायला आळीचा स्वयंसेवक आला, शिट्टी वाजवत. ह्यानं त्याचा गळा धरला. चार शेजारी धावले म्हणून तो माणूस वाचला. मग आमच्या दारावर कुणीतरी कोळशानं "हेर" असं लिहिलं आणि पोरं येता-जाता दगड मारायला लागली. डॉक्टर म्हणाले, मनाला धक्का बसलाय, विश्रांती द्या, आणि झोपेच्या गोळ्या दिल्या. रोज तीनदा भोंगा वाजणाऱ्या गावात विश्रांती कुठून आणायची ते त्यांनी सांगितलं नाही. त्याला लांब कुठे न्यावं तर जामिनाच्या अटीत गाव सोडायची बंदी होती.

एका दुपारी युनियनचा सेक्रेटरी आला. बुटका, गोल, बोलायला लागला की हात हवेत फिरवणारा. त्याच्याबरोबर पाच-सहा संपकरी. त्यांतला एक बीडकडचा, फाउंड्रीत मोल्डरचं, म्हणजे ओतकामाचे साचे भरायचं काम करणारा, दारातून वाकूनच आत यावं लागेल असा आडदांड. सेक्रेटरी म्हणाला, "बाई, तुम्ही शाळेत जा. आम्ही पाळ्या लावतो."

"कसल्या पाळ्या?"

"ह्यांच्याजवळ बसायच्या. फर्स्ट, सेकंड, थर्ड. मशीन एकटं सोडत नाही आम्ही, मग माणूस कसा सोडू?"

मला रागच आला. म्हटलं, माझा भाऊ काय लेथ आहे? पण माझं बोट बांधलेलं होतं, शाळेतून मेमो येऊन पडला होता आणि मदतीला दुसरं काळं कुत्रंही फिरकलं नव्हतं. पुण्याचे आमचे नातेवाईक तर रेडिओ ऐकण्यात आणि जवानांसाठी स्वेटर विणण्यात इतके गुंतले होते की त्यांना बसच मिळत नव्हती.

पाळ्या सुरू झाल्या आणि त्या खरोखर कारखान्यासारख्याच चालल्या. त्या लोकांत एक रीत होती. पाळी संपली तरी पुढचा माणूस आल्याशिवाय आधीचा जागचा हलायचा नाही, आणि जाण्यापूर्वी त्याला चार्ज द्यायचा. मशीन कसं चाललंय, कुठं तापतंय, काय लक्षात ठेवायचं, दोन शब्दांत. उगीच पाल्हाळ नाही, कुणाला दोष नाही. माझ्या भावाचाही ते तसाच चार्ज द्यायचे, त्याच्या देखत, दारात उभं राहून.

"काय म्हणतंय?"

"सकाळी गरम होतं. भोंग्याला चौघांनी धरलं. एकाला चावला. आता चहा घेतलाय."

"जेवण?"

"अर्धी भाकर."

"बरं, जा."

मी कपाळाला हात लावायचे. पण त्यांचं धरणं मात्र बघवत नव्हतं. भोंगा व्हायच्या आधी ते दार लावून घ्यायचे आणि भोंगा सुरू झाला की तो उसळायचा. लाथा, बुक्क्या, डोकं. ते त्याला जमिनीवर दाबून धरायचे, अंगावर बसायचे. तो ओरडायचा, "पाणी! त्याला पाणी द्या!" मोल्डरचा पुढचा एक दात त्यात गेला. तो दात त्यानं हातावर घेतला, बघितला आणि खिडकीतून फेकून दिला. म्हणाला, "तसाबी हालतच व्हता, बाई." हालत वगैरे काही नव्हता. मीच त्याला आदल्या दिवशी ऊस सोलताना बघितलं होतं.

निघोज्याची आई आली ती याच दिवसांत. मेलेल्या पोराची आई. चाकणच्या बाजारात कांदा घेऊन आलेल्या कुणाच्या तरी ट्रकमधून बसून आली होती. आत येऊन भावासमोर जमिनीवर बसली. मी पाणी दिलं ते तिनं बाजूला ठेवलं. तिनं एकच विचारलं, "माझ्या पोरानं पानी मागितलं व्हतं का?"

भाऊ म्हणाला, "व्हय."

"दिलं का?"

"न्हाई."

तो तिच्याच भाषेत बोलला. ती उठली आणि तिनं त्याच्या थोबाडीत मारली. एक नाही, दोन्ही हातांनी मारत सुटली. "तू जित्ता कसा? तू जित्ता कसा आलास?" मोल्डर पुढे झाला तर भावानं हातानं त्याला थांबवलं. तो मार खात राहिला. दमल्यावर ती खाली बसली आणि पदर तोंडात कोंबून रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "हे पान्याचं सायबाला सांगशील ना? तेवढं सांग. बाकीचं न्हाई सांगितलंस तरी चालंल. आमी गरीब माणसं, आमाला दुसरं काय पायजेल न्हाई."

तो हो म्हणाला. त्या दिवशी दुपारचा भोंगा झाला तेव्हा तो उसळला, पण मोल्डरच्या दंडाला धरून. दंडावर नखांचे खोल ओरखडे उठले. मोल्डर म्हणाला, "धरा, धरा, आपलंच समजा."

आणि मग काही दिवसांनी जे झालं ते मी दारात उभी राहून ऐकलं. पाळी बदलत होती. पुढच्या माणसानं नेहमीप्रमाणे विचारलं, "काय म्हणतंय?" जाणारा तोंड उघडणार तोच भाऊ आतून म्हणाला, "सकाळी गरम होतो. भिंतीवर दोनदा डोकं मारलं. माणसावर हात टाकला नाही. पोळी खाल्ली." अगदी त्यांच्याच सुरात. स्वतःचा चार्ज स्वतः दिला. येणाऱ्यानं फक्त "बरं" म्हटलं आणि आत येऊन बसला. मी स्वयंपाकघरात जाऊन तोंडावर पदर धरून हसले आणि रडले. तेव्हापासून रोज तो स्वतःच सांगायला लागला. सांगायचं असतं म्हणून तो दिवसभर स्वतःकडे बघायला शिकला, असं मला वाटतं. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो नुसता जड व्हायचा.

तेवढ्यात लढाई संपली. जिंकलो. पेढे वाटले, काळे कागद फाडले, मिरवणुका निघाल्या. संपही मोडला. कारखान्यानं कामगारांना परत घेतलं, पण अट घातली की पुढचे सहा महिने एकही खाडा चालणार नाही. एक दिवस गैरहजर, की बाहेर. तरीही पाळ्या चालू राहिल्या. ज्याची दुपारची ड्यूटी तो सकाळी आमच्याकडे बसायचा, ज्याची सकाळची तो संध्याकाळी. डोळे तारवटलेले, तिथेच भिंतीला टेकून डुलक्या घेणारे. मला त्यांची दया यायची आणि त्यांना चहा करून करून वैतागही यायचा.

इथपर्यंत सगळं नीट होतं. पण आपली माणसं कुणाचं बरं चाललेलं बघितलं की गप्प बसतील तर शपथ. सेक्रेटरीच्या डोक्यात सत्काराचं खूळ शिरलं.

"बाई, त्याला कळलं पाहिजे की कामगार त्याला विसरला नाही. शाल, श्रीफळ, चार शब्द. माणूस उभा राहतो अशानं."

मी म्हटलं, तो उभाच आहे, त्याला बसू द्या. पण आपल्याकडे माणूस आजारातून उठला, निवृत्त झाला, परीक्षा पास झाला, की पहिली त्याच्या अंगावर शाल पडते. सेक्रेटरीला दुसरं औषध ठाऊकच नव्हतं. तो मनापासून करत होता, हेच वाईट. भावाला विचारलं तर तो म्हणाला, "एवढं केलंय त्यांनी माझ्यासाठी, नाही कसं म्हणू?"

आमच्याच शाळेच्या मैदानात सत्कार झाला. खंदक अर्धवट बुजवलेले होते, त्यांच्या कडेनं सतरंज्या अंथरल्या होत्या. भावाला खुर्चीवर बसवलं, गळ्यात झेंडूचा हार, अंगावर शाल, हातात नारळ. पुढे कामगार, त्यांच्या बायका, माझे विद्यार्थी, आणि मागे साध्या कपड्यांतला एक पोलीस, जो सगळ्यांना माहीत होता. सेक्रेटरी बोलायला उभा राहिला. आधी जवानांवर बोलला, मग लोकशाहीवर, आणि मग त्याला रंग चढला. "ह्या आमच्या बंधूला काय काय सोसावं लागलं! तळपायावर काठ्या! अशा!" आणि त्यानं हात वर नेऊन खाली आणला. "नखांवर बूट! असे!" आणि स्टेजवर पाय आपटला. लोक "अरेरे" करत होते. मी भावाकडे बघत होते. त्याची मान खाली होती आणि नारळावरची बोटं पांढरी पडली होती. मी उठले, दोन रांगा ओलांडल्या. "आणि भोंगा वाजला, की पुन्हा!" असं म्हणून सेक्रेटरीनं तोंडानं भोंग्याचा आवाज काढला. खरोखर काढला.

भावानं नारळ त्याच्या डोक्यात घातला. एकदा घालून थांबला नाही. दुसऱ्या तडाख्याला नारळ फुटला, पाणी आणि रक्त एकदमच सेक्रेटरीच्या सदऱ्यावर आलं. तो खाली पडला तर हा त्याच्या छातीवर बसून करवंटीनं मारत होता. बायका किंचाळत होत्या. मोल्डरनं त्याला मागून कवेत धरून उचललं तरी त्याचे पाय हवेत चालूच होते.

सेक्रेटरीला टाके पडले. दुसऱ्या दिवशी फौजदार त्याच्या घरी गेला, तक्रार लिहून घ्यायला. कागद-पेन घेऊन, मोठ्या खुशीत. तक्रार आली की काम झालं होतं. वेडा म्हणून लिहिलं जाणार आणि चौकशीतून साक्षीदार गायब. सेक्रेटरी पट्ट्या बांधलेलं डोकं घेऊन बाजेवर पडला होता. म्हणाला, "कसली तक्रार? नारळ वाढवताना निसटला."

"निसटला? दोनदा?"

"ओला होता साहेब."

फौजदारानं मैदानात असलेल्या माणसांना विचारलं. सगळ्यांना नारळ निसटलेलाच दिसला होता. माझ्या सहावीतल्या एका मुलीनं तर त्याला नारळ कसा निसटतो ते करूनही दाखवलं. मी तिला खोटं बोलल्याबद्दल रागावायला हवं होतं, पण मी तिला पेढा दिला.

त्यानंतर भावानं स्वतःचा चार्ज द्यायचं सोडलं. पुन्हा धरावं लागायला लागलं, पुन्हा भिंतीवर डोकं. सेक्रेटरी डोकं बांधलेलंच असताना पाळीला आला. दारात उभा राहून म्हणाला, "चूक माझी. भाषण चढलं मला." भाऊ त्याच्या पट्टीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "तोंडानं भोंगा चांगला काढता." सेक्रेटरी इतका हसला की त्याचा एक टाका उसवला.

चौकशी पुण्याला कचेरीत झाली. कारखान्याच्या सुट्टीचा वार होता, म्हणून आम्ही सगळे गेलो. निघोज्याची आई पुढच्या बाकावर. पोलिसांचा वकील चांगला होता, म्हणजे त्याच्या कामात चांगला. त्यानं बराच वेळ गोड विचारलं आणि मग म्हणाला, "तुम्ही वेडे आहात, हे खरं आहे का?"

भाऊ म्हणाला, "भोंगा वाजला की होतो. एरवी नाही."

"मग त्या दिवशी तुम्ही पाहिलंत ते वेडात पाहिलंत."

"नाही. त्या दिवशी ते भोंग्यासाठी थांबले नव्हते. भोंग्याच्या आधीच त्याला मारून झालं होतं. मी सगळं शुद्धीत पाहिलं. त्यानं पाणी मागितलं. तिथे भरलेला माठ होता. जमादार त्यातलं पाणी स्वतः प्यायला आणि त्यानं पेला पालथा घातला."

निघोज्याची आई तोंडातून आवाज न काढता डोकं हलवत होती, एखादा हिशोब जुळल्यावर हलवतात तसं. मॅजिस्ट्रेटनं लिहून घेतलं. निकाल फार उशिरा लागला आणि त्यात मरणाचं नेमकं कारण ठरवता येत नाही असं म्हटलं होतं. खंदकात पडून मेला, हे मात्र त्यातून गेलं. त्या बाईला तेवढं तरी मिळालं. मला अजूनही ते पुरेसं वाटत नाही.

कचेरीतून परत येताना एसटीत सगळे मोठमोठ्यानं बोलत होते. भावाच्या पाठीवर थापा पडत होत्या. तो हसत होता. काम फत्ते झालं होतं.

दुसऱ्या दिवशी पाळीला कुणी आलं नाही.

मी सकाळी वाट बघितली. सकाळचा भोंगा झाला, त्याला मी एकटीनं धरलं. म्हणजे तो भिंतीला आणि मी त्याला. त्यानंतर तो दाराकडे तोंड करून बसला. शाळेला मी रजा टाकली. दुपार व्हायला आली तरी कुणी नाही. भाऊ हळूच म्हणाला, "ताई, ऑर्डर पुरी झाली की मशीन बंद करतात. ते वाईट नाहीत गं." ते ऐकून माझं डोकंच फिरलं. शेजारच्या काकूंना त्याच्याजवळ बसवलं आणि पायात चपला घालून तडक कारखान्याच्या गेटवर गेले.

दुपारची पाळी आत जायची वेळ होती. गेटसमोर गर्दी, सायकली, डबे. सगळे ओळखीचे होते. मी रस्त्याच्या मध्ये उभी राहून ओरडले. शाळेत मी कधी आवाज चढवत नसे, पण त्या दिवशी सगळा साठा बाहेर आला. "साक्ष काढून घेतलीत, झालं? एवढ्यासाठी बसत होतात? साक्षीला पॉलिश करत होतात होय रे? आज भिंतीवर डोकं आपटतोय तो, आज कोण बघणार?" सेक्रेटरी पुढे आला. "बाई, आम्हाला वाटलं आता त्यांना बरं..." मी त्याच्या मुस्काटात मारली. डोक्यावरची पट्टी नुकती निघाली होती त्याच्या. तो तिथेच उभा राहिला, गाल चोळलाही नाही. कुणी वर बघेना.

आणि तेवढ्यात गर्दीच्या मागे मला माझा भाऊ दिसला. काकूंना चुकवून माझ्या मागे आला होता. मला भांडणातून सोडवायला म्हणे. चौकी, भिंत, भोंगा, सगळं तिथंच. ज्या रस्त्यावर तो सुटल्यापासून पाऊलही टाकत नव्हता तिथे तो भरदुपारी उभा होता.

भोंगा झाला.

इतक्या जवळून तो आवाज छातीच्या पिंजऱ्यातच वाजतो. भाऊ आधी कानांवर हात घेऊन खाली बसला आणि मग उठला तो थेट चौकीच्या दाराकडे धावला. वाटेत पडलेली सायकल त्यानं उचलली, डोक्यावर धरली. पोलीस बंदूक घेऊन दारात आला. मी ओरडत होते आणि भोंग्यात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. मधे मोल्डर आला. सायकल त्याच्या खांद्यावर बसली आणि मग तोंडावर. रक्तानं त्याचा सगळा सदरा भरला. तरी त्यानं दोन्ही हातांनी भावाला छातीशी धरलं आणि पाठ चौकीकडे केली, म्हणजे पोलिसाला भाऊ दिसेचना. बाकीचे धावले आणि त्यांच्याभोवती उभे राहिले.

भोंगा थांबला. भाऊ मोल्डरच्या छातीवर डोकं ठेवून थरथरत होता. आता गेट बंद होणार होतं. माणसं गेटाकडे बघत होती, मग भावाकडे, मग पुन्हा गेटाकडे. सहा महिने झाले नव्हते. मोल्डर त्यांना म्हणाला, "तुमी जावा. पोटं हायेत तुमच्या मागं. मी हाय हितं."

"आणि तुझं काय?" सेक्रेटरी म्हणाला.

"माझी पाळी हितंच हाय म्हना."

ते गेले. काही जण धावत गेले, सेक्रेटरी सगळ्यात शेवटी गेला, मागे वळून वळून बघत. पहारेकऱ्यानं मोल्डरच्या नावानं हाक मारली, पुन्हा एकदा मारली, थोडा वेळ थांबला आणि मग दिंडी दरवाजा लावून घेतला. आतून अडसर पडल्याचा आवाज आला. मोल्डरनं तो ऐकला, सुजलेल्या तोंडानं माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "बाई, ह्यांला घरी न्यायचं ना? तुमी त्या बाजूनं धरा."